वाचकांचे प्रश्न: लायब्ररीचं कार्ड, लांबलचक रांग आणि फुकटातला सिनेमा

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की अमेरिकेतल्या पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर घरबसल्या ई-बुक्स, ऑडिओबुक्स, सिनेमे सगळं मिळतं आणि खिशातून एक पैसा जात नाही. त्यावर एवढे मेल आले की या महिन्यासाठी ठरवलेला बागकामाचा विषय पुढे ढकलावा लागला. मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या टाउनच्या लायब्ररीत काउंटरवर बसते, त्यामुळे यातले निम्मे प्रश्न रोजच कानावर पडतात, फक्त मराठीत पडत नाहीत. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि सगळ्यांची नावं गाळलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. मी आणि सौ. कोथरूडहून लेकीकडे एडिसनला सहा महिन्यांसाठी आलोय, व्हिजिटर व्हिसावर. लेक-जावई दिवसभर ऑफिसात, बाहेर थंडी, टीव्हीवर त्याच त्या बातम्या. आम्हाला लायब्ररीचं कार्ड मिळेल का? आणि जावईबापूंच्या क्रेडिट कार्डावर नंतर काही लागणार नाही ना? हे आधी सांगा.

आधी तेच सांगते काका, काही लागणार नाही. क्रेडिट कार्ड कुणी मागतच नाही. इथल्या लायब्रऱ्या मुख्यतः गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात, म्हणजे तुमच्या लेकीने घराच्या टॅक्समधून, आणि घर भाड्याचं असेल तर भाड्यातून, हे पैसे आधीच भरलेत. तुम्ही बिनधास्त वापरा.

कार्डाला दोन गोष्टी लागतात, तुम्ही कोण आणि तुम्ही राहता कुठे. पहिल्याला पासपोर्ट चालतो. व्हिसा कुठला, किती महिन्यांचा, हे आम्ही विचारत नाही, आमचं ते कामच नाही. गाडी अडते ती पत्त्यावर, कारण तुमच्या नावाने इथे लाइटबिल येत नाही ना. याला प्रत्येक गावाचा नियम वेगळा आहे. कुठे लेक सोबत आली, तिने स्वतःचं बिल दाखवून हे माझ्याकडे राहतात असं सांगितलं की काम होतं, कुठे तुमच्या नावाने त्या पत्त्यावर आलेलं एखादं पत्र चालतं, कुठे थोड्या महिन्यांचं टेम्पररी कार्ड देतात. म्हणून जायच्या आधी फोन करा आणि फोनवर एकच विचारा, की आईवडील पाहुणे आलेत, त्यांच्या कार्डासाठी काय काय आणू? आणि हेही विचारून घ्या की त्या कार्डावर डिजिटल पुस्तकं चालतात का, कारण काही टेम्पररी कार्डांवर फक्त लायब्ररीत बसून वापरायची सोय असते आणि घरी आल्यावर मग चिडचिड होते.

कार्डाच्या मागे चौदा आकडी नंबर असतो. पिन बहुतेक वेळा फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. आता फोनवर किंवा आयपॅडवर लिबी नावाचं अ‍ॅप टाका, ते लायब्ररी कुठली विचारेल, गावाचं नाव किंवा झिपकोड टाकला की यादी येते, त्यातली तुमची निवडून नंबर आणि पिन टाका, झालं. पुस्तक उघडल्यावर पानाच्या मधोमध बोट टेकवलंत की मेनू येतो, तिथे अक्षर इतकं मोठं करता येतं की काकूंना चष्मा शोधायला नको. मुदत लायब्ररीप्रमाणे ७, १४ किंवा २१ दिवसांची असते आणि ती संपली की पुस्तक आपोआप परत जातं. विसरलात तरी दंड नाही, कारण विसरायला तुमच्या हातात काही ठेवलेलंच नाही. मासिकांना तर रांगही नसते, तिथून सुरुवात करा, हाताला सवय होईल.

प्रश्न: हाय ताई, मी ऑस्टिनला आयटीत आहे. लिबीवर एक नवीन कादंबरी होल्डवर टाकली तर १४ आठवडे वेट दाखवतंय. अगं फाइल आहे ना ती? कॉपी करायला एक सेकंद लागत नाही. मग माझ्या आधी ९० लोक रांगेत उभे कशाला? लायब्ररीवाले मुद्दाम टंचाई करतात का?

टंचाई मुद्दाम केलेली आहे हे तू बरोबर ओळखलंस, फक्त ती आम्ही केलेली नाही.

कागदाच्या पुस्तकाचं गणित सरळ आहे. लायब्ररी दुकानातून पुस्तक विकत घेते, एकदा घेतलं की ते तिचं, मग ते कितीही जणांना द्या, पानं सुटेपर्यंत द्या, प्रकाशकाला मध्ये बोलायचा हक्क नाही, अमेरिकन कायद्यात ते स्पष्ट आहे. ई-बुकचं तसं नाही कारण ई-बुक कुणी लायब्ररीला विकतच नाही, लायसन्स देतात. आपल्याकडे फ्लॅट लीव्ह-लायसन्सवर घेतो तसं समज, अकरा महिने झाले की करार रिन्यू कर नाहीतर सामान उचल. मोठ्या प्रकाशकांचं नव्या पुस्तकाचं लायसन्स बहुतेक करून दोन वर्षांचं असतं आणि त्यात अट अशी की एका कॉपीवर एका वेळी एकच वाचक. म्हणजे आमच्याकडे १० लायसन्स असली आणि ११ वा माणूस आला तर तो रांगेत. फाइल एका सेकंदात कॉपी होते हे आम्हालाही माहीत आहे रे, पण केली तर करार मोडला.

आणि किंमत ऐक. तू स्वतःसाठी किंडलवर जे पुस्तक १५ डॉलरला घेशील त्याचं दोन वर्षांचं लायसन्स लायब्ररीला साधारण ५५ ते ६५ डॉलरला पडतं. दोन वर्षांनी ते उडून जातं, परत पाहिजे तर परत तेवढेच पैसे. आता हिट कादंबरी आली की पहिल्या दोन महिन्यांत ९० होल्ड येतात, रांग कमी करायला आम्ही अजून पाच लायसन्स घेतो, आणि सहा महिन्यांनी त्या कादंबरीला कुत्रं विचारत नाही, लायसन्स मात्र पडून. बजेटच्या मीटिंगला बसलं की यावरच अर्धा तास जातो.

प्रकाशकांचे प्रयोग पण मजेशीर झालेत. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने नियम काढला की एक ई-बुक २६ वेळा दिलं की संपलं, नवीन घ्या. मुद्दा असा की कागदी पुस्तकही तोवर झिजतंच. त्यावर काही लायब्रेरियन्सनी शेल्फवरची त्याहून कितीतरी जास्त वेळा बाहेर जाऊन आलेली धडधाकट पुस्तकं कॅमेऱ्यासमोर धरून व्हिडिओ टाकले, ते बघण्यासारखे होते. मग नोव्हेंबर २०१९ पासून मॅकमिलनने ठरवलं की नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे लायब्ररीला, ती कितीही मोठी असो, एकच कॉपी. लाखो लोकांच्या शहराला एक कॉपी! बऱ्याच लायब्रऱ्यांनी त्यांची ई-बुक्स घेणंच बंद केलं. मार्च २०२० मध्ये, कोविडने सगळं बंद पडायला लागलं तेव्हा, त्यांनी हा नियम मागे घेतला. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला की लोकांना ई-बुक विकता तर लायब्ररीलाही वाजवी अटींवर द्या, पण कॉपीराइट हा केंद्राचा विषय, राज्याला त्यात हात घालता येत नाही म्हणून २०२२ मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द ठरवला.

एवढं सगळं लिहिलं कारण काउंटरवर लोक आमच्यावर ओरडतात. असो. तुझ्या कामाचं सांगते. एक, ते १४ आठवडे अंदाज असतो आणि तो बहुतेक वेळा जास्तीचा निघतो, कारण पुढची काही माणसं कंटाळून होल्ड सोडतात आणि काही चार दिवसांत वाचून परत करतात. दोन, त्याच पुस्तकाचं ऑडिओबुक बघ, त्याची रांग वेगळी असते. तीन, काही लायब्रऱ्या हिट पुस्तकांच्या थोड्या कॉपी रांगेबाहेर ठेवतात, त्यावर होल्ड लागत नाही, दिसली की उचलायची, मुदत मात्र कमी. चार, एका लिबीत कितीही कार्डं जोडता येतात, तर ऑफिस दुसऱ्या गावात असेल किंवा काउंटीची लायब्ररी वेगळी असेल तर तिथे कार्ड मिळतंय का विचार. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याच्याकडे पाच लायब्रऱ्यांची कार्डं आहेत आणि तो प्रत्येक पुस्तक पाचही रांगांत लावतो, तेवढं नको करू प्लीज.

प्रश्न: माझे सहा होल्ड एकाच आठवड्यात आले!! दोन लहान मुलं, नोकरी, कधी वाचणार? सोडले तर परत तीन महिने रांग. काही जुगाड?

आहे ना. होल्ड आला की घ्यायला तीन दिवस असतात. त्या नोटिफिकेशनवर टॅप केलंस की पुढे ढकलायचा पर्याय येतो, किती दिवसांनी हवं ते सांग, पुस्तक तुझ्या मागच्याला जातं आणि तुझा नंबर मात्र पुढेच राहतो, तुझी मुदत झाली की पहिली मोकळी कॉपी तुला. मी स्वतः सगळे होल्ड असेच ढकलत असते. आणि किंडल असेल तर अमेरिकेतल्या लायब्ररीची बरीचशी पुस्तकं त्यावर पाठवता येतात, मग लोक काय करतात, किंडल एअरप्लेन मोडवर टाकतात, वायफाय लागेपर्यंत पुस्तक तिथेच राहतं. लायब्ररीच्या हिशेबात ते वेळेवर परत गेलेलं असतं त्यामुळे मागच्याचं नुकसान नाही. मी शिकवलं म्हणून सांगू नकोस.

प्रश्न: आम्ही नवराबायको सिनेमावेडे. पुण्यात होतो तेव्हा फिल्म क्लब, फेस्टिव्हल काही सोडायचो नाही. आता शिकागोजवळ राहतो. इथल्या कार्डावर हूपला आणि कॅनॉपी ही दोन्ही अ‍ॅप्स आहेत असं कळलं, दोन्हीत फरक काय? शिवाय परवा शुक्रवारी रात्री जेवणं आटपून हूपलावर सिनेमा लावायला गेलो तर आजची मर्यादा संपली, उद्या या. आम्ही तर महिन्यात एकही घेतला नव्हता!

तुमचा कोटा संपला नव्हता, गावाचा संपला होता.

हूपलाचं मॉडेल लिबीच्या बरोबर उलटं. इथे रांग नाही, जे दिसतंय ते सगळं त्या क्षणाला मिळतं, शंभर जणांनी एकच सिनेमा एकदम लावला तरी चालतं. पण प्रत्येक वेळी कुणी काही घेतलं की लायब्ररीला त्याचं बिल येतं, एका वेळचे साधारण एक ते चार डॉलर. मीटर टाकलेली रिक्षाच ती. म्हणून लायब्ररी दोन बंधनं घालते, माणशी महिन्याला अमुक इतकी, आणि पूर्ण गावाचा मिळून दिवसाचा खर्च अमुक इतका. शुक्रवारी रात्री नऊ वाजेपर्यंत तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिवसाचा खर्च संपवलेला असतो. यावर उपाय म्हणजे सकाळी चहा घेताना सिनेमा घेऊन ठेवा. तो तीन दिवस तुमच्याकडे राहतो, म्हणजे शुक्रवारी सकाळी घेतलेला शनिवारी रात्रीही बघता येतो. माणशी कोटा १ तारखेला नव्याने सुरू होतो, तेव्हा महिनाअखेरीला उरलेले संपवून टाका. टीव्हीच्या रोकू, फायर स्टिकवर दोन्ही अ‍ॅप्स टाकता येतात, फोनवर डोळे फोडायची गरज नाही.

सिनेमांचं म्हणाल तर तुम्ही दोघं कॅनॉपीचे आहात. हूपलावर ऑडिओबुक्स, कॉमिक्स, गाणी, मालिका, लहान मुलांचं असं सगळं कडबोळं आहे, सिनेमे त्यातला एक भाग. कॅनॉपी मुळात कॉलेजांना डॉक्युमेंटरीज आणि क्लासिक सिनेमे पुरवायला निघाली, तिथे वर्ल्ड सिनेमा, जुने मूकपट, डॉक्युमेंटरीज यांचा साठा चांगला आहे. दर महिन्याला ठरावीक तिकिटं मिळतात आणि प्रत्येक सिनेमापुढे किती तिकिटं लागणार आणि किती तास बघता येणार ते लिहिलेलं असतं. भारतीय सिनेमेही सापडतात, पण हक्क बदलले की यादी बदलते, तेव्हा आवडीचं काही दिसलं तर पुढच्या महिन्यावर टाकू नका.

हे कायम राहील असंही धरून चालू नका. २०१९ च्या जुलैपासून न्यूयॉर्क शहराच्या तिन्ही लायब्ररी यंत्रणांनी, म्हणजे न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स, कॅनॉपी बंद केली होती, कारण एकेका सिनेमामागे दोन डॉलरच्या आसपास मोजायचे आणि लोक बघतच सुटले. सेवा जितकी आवडती तितकं बिल मोठं, असा हा उफराटा प्रकार आहे. गाव सोडताना किंवा बदलताना तिथली लायब्ररी यातलं काय काय देते ते आधी बघा, आमच्याकडे घर घेण्याआधी हे विचारायला येणारे लोक आहेत आणि मला ते फार आवडतात.

आणि हो, लायब्ररीत खाली डीव्हीडीची शेल्फं अजून आहेत. तिथे ना कोटा ना तिकीट. प्लेअर नसेल तर काही लायब्रऱ्या तोही देतात.

प्रश्न: ताई, आम्ही टेक्सासमधल्या छोट्या गावात राहतो. मुलगा १६ वर्षांचा आहे, प्रचंड वाचतो. त्याच्या शाळेच्या लायब्ररीतून बरीच पुस्तकं काढून टाकली आणि गावच्या लायब्ररीत डिजिटल काहीच धड नाही. दुसऱ्या राज्यातलं कार्ड मिळू शकतं का?

त्याच्या वयामुळे मिळतं. ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने एप्रिल २०२२ मध्ये बुक्स अनबॅन्ड नावाची योजना सुरू केली, अमेरिकेत कुठेही राहणाऱ्या १३ ते २१ वयाच्या मुलामुलींना फुकट ई-कार्ड. पुढच्या वर्षी सिएटलची लायब्ररीही त्यात आली, त्यांच्याकडे वयाची मर्यादा २६ पर्यंत आहे. अर्ज त्यानेच करायचा असतो, दोन्हीकडे करू दे, दोन्ही कार्डं एका लिबीत बसतात. तुम्ही मात्र त्याचं कार्ड वापरू नका हं, एवढी पुस्तकं बघून मोह होतो.

प्रश्न: मी मुलाकडे सहा महिने राहून सांगलीला परत आले. तिथे असताना लिबी आणि हूपलाची इतकी सवय लागली की काय सांगू. इथे आल्यावर लिबी चालतंय पण हूपला म्हणतं तुमच्या भागात सेवा नाही. असं का गं? आणि लिबी चालतंय ते नियमात बसतं ना?

काकू, हूपला तुम्ही कुठून बघताय ते तपासतं, कारण सिनेमांचे हक्क देशादेशाप्रमाणे विकलेले असतात, अमेरिकेसाठी घेतलेला सिनेमा सांगलीत दाखवायचा हक्क त्यांच्याकडे नसतो. कॅनॉपीचंही तेच. पुस्तकांच्या बाबतीत लिबी कार्ड चालू आहे का एवढंच बहुतेक वेळा बघतं, म्हणून ते चालतंय. प्रवासात असलेल्या माणसाने वाचावं म्हणूनच ते तसं ठेवलंय.

नियमाचं विचाराल तर कार्ड ज्या तारखेपर्यंत दिलंय तोपर्यंत ते तुमचं आहे, वाचा. मुदत संपली की लायब्ररी परत पत्ता विचारेल, तेव्हा मी अजून तिथेच राहते असं मात्र सांगू नका. मुलाचं कार्ड वापरते म्हणाल तर ते त्याच्या नावावर आहे, त्याच्या होल्डची रांग तुम्ही खाणार, आणि मग तो कुरकुर करणार. पुढच्या खेपेला येताना विमानात बसायच्या आधी वायफायवर पुस्तकं डाउनलोड करून घ्या, मुदत संपेपर्यंत नेट नसलं तरी उघडतात.

प्रश्न: या सगळ्यात मराठी पुस्तकं आहेत का हो?

फार थोडी. लिबीत सर्च केल्यावर भाषेचा फिल्टर लावता येतो, लावून बघा, पण मोठी आशा ठेवू नका. लायब्ररी तेच घेऊ शकते जे प्रकाशकाने लायब्ररीसाठी उपलब्ध करून दिलंय, आणि आपल्या बहुतेक प्रकाशकांनी या बाजाराकडे पाहिलेलंच नाही. तुमची लायब्ररी किती चांगली आहे यावर ते नाही. इंग्रजीतही असं होतं, ऑडिबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त अ‍ॅमेझॉनच्या ऑडिबलवरच मिळणारी ऑडिओबुक्स आम्हाला कितीही पैसे दिले तरी मिळत नाहीत.

पण एक करा. जे पुस्तक कॅटलॉगमध्ये दिसतं पण आमच्याकडे नाही त्यावर लिबीत नोटिफाय मी चा टॅग लावा. आम्हाला ते आकडे दिसतात, आणि एका गावातून वीस मराठी माणसांनी मागितलं तर खरेदी करणाऱ्या बाईला ते दाखवता येतं. कागदी मराठी पुस्तकं हवी असतील तर लायब्ररीच्या वेबसाइटवर खरेदी सुचवायचा फॉर्म असतो. गुजराती, हिंदी, चिनी मंडळी तो भरतात, म्हणून त्यांची शेल्फं भरलेली दिसतात. आपली माणसं मंडळाच्या गणपतीत माझ्याजवळ तक्रार करतात आणि मोदक खाऊन घरी जातात.

मंडळावरून आठवलं, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथ तुमच्या दारी म्हणून योजना आहे, २००९ पासूनची. पुस्तकांच्या पेट्या भरून वाचकांच्या गटांकडे जातात, वाचून झालं की पेटी पुढच्या गटाकडे. त्या पेट्या दुबईपर्यंत पोचल्यात. तुमच्या मंडळाने विचारायला हरकत नाही.

प्रश्न: ताई, अमेरिकेचं कौतुक पुरे झालं. मी इचलकरंजीत राहतो. आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रं आणि जुन्या कादंबऱ्या, लायब्रेरियनचा पगार वेळेवर होत नाही म्हणतात. आम्हाला घरबसल्या काय मिळतं ते सांगा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ फिरतात, तीच आमची डिजिटल लायब्ररी.

राग मान्य आहे दादा.

आधी पीडीएफचं. लायब्ररी एक कॉपी घेते तेव्हा लेखकाला काहीतरी पोचतं, ग्रुपवरच्या पीडीएफमधून काहीच पोचत नाही, आणि मराठीत हजाराची आवृत्ती खपायला वर्षं जातात तिथे हे जास्तच लागतं. पण जुनी पुस्तकं वेगळी. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता भारतात कुणीही हक्काने वाचू शकतं. असं बरंच साहित्य मराठी विकिस्रोतावर टाइप केलेल्या स्वरूपात आहे, फोनवर नीट वाचता येतं, तिरक्या स्कॅनशी झटापट नाही. राज्य मराठी विकास संस्थेच्या साइटवर दुर्मिळ पुस्तकांचे स्कॅन आहेत, अगदी सुरुवातीच्या छपाईची दोलामुद्रितंसुद्धा. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, फुकट.

घरात मुलं असतील तर राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे अ‍ॅप टाका, केंद्र सरकारचं आहे, नॅशनल बुक ट्रस्ट चालवतं, अभ्यासाबाहेरची गोष्टींची पुस्तकं, मराठीसकट बऱ्याच भाषांत, रजिस्ट्रेशनला पैसे नाहीत. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आयआयटी खरगपूर चालवतं, २०१८ मध्ये देशाला अर्पण झाली, पण ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या कामाची. तिथे सर्च केलं की ती तुम्हाला दुसऱ्या संस्थेच्या साइटवर नेऊन सोडते आणि पुढे कधी दार उघडं असतं कधी कुलूप. कादंबरी वाचायला जाल तर वैतागाल. ब्रिटिश कौन्सिलची मेंबरशिप पैसे भरून मिळते, इंग्रजी वाचत असाल तर विचार करा.

इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल संग्रहाच्या साइटवर एक तास पुस्तक उघडून बघायची सवय अनेकांना होती, तिथली बरीच पुस्तकं गायब का झाली असंही दोघांनी विचारलंय. ते लायब्ररीसारखं चालवायचे, एक कागदी कॉपी कपाटात ठेवायची आणि तिचं एकच स्कॅन एका वेळी एकाला द्यायचं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन म्हणून त्यांनी रांगच काढून टाकली, तीन महिन्यांत चार मोठ्या प्रकाशकांनी केस टाकली, २०२३ मध्ये निकाल विरोधात गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरले. पाच लाखांच्या आसपास पुस्तकं काढावी लागली. कॉपीराइट संपलेली जुनी मराठी पुस्तकं मात्र अजून तिथे आहेत, लेखकाचं नाव देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हांनी शोधा, कारण अपलोड करणाऱ्यांनी वाट्टेल तशी नावं टाकलीत.

आता तुमच्या वाचनालयाचं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात अ, ब, क, ड वर्ग करून संस्थांना अनुदान द्यायची पद्धत आहे, ग्रंथालयासाठी वेगळा कर लावलेला नाही. सगळं अनुदानावर, आणि अनुदान कधी वाढेल, कधी हातात पडेल ते मुंबईच्या मर्जीवर. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, म्हणजे लोकांनी वर्गणी काढून वाचनालयं उभी करण्यात आपण कुणाच्या मागे नव्हतो, पुढे दरवर्षी पैसे कुठून येणार याची सोय कायद्यात झाली नाही. शेजारी गोव्याने १९९३ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकर ठेवला, आणि तो बसवला कशावर तर भारतात बनलेल्या विदेशी मद्यावर आणि बिअरवर. गोव्याला गेलात आणि बसलात तर समजा की तिथल्या एखाद्या वाचनालयाला तुमच्याकडूनही चार पैसे गेले.